शेपटाला पाणी पोचेपर्यंत

नाशिकहून सकाळची सटाण्याची गाडी धरली. बहिणीच्या लेकीनं, सुनंदानं, कांद्याच्या लावणीला बोलावलं होतं. माझे गुडघे वाकत नाहीत, पण बसल्या जागी रोपाच्या जुड्या बांधता येतात. ओझरला विमानाच्या कारखान्याची भिंत संपता संपेना. चांदवडच्या पुढे उघडे डोंगर लागले. सटाण्याला मी उतरले आणि पिशवी आतच राहिली. कंडक्टरनं खिडकीतून दिली. म्हणाला, "आजी, हिचं तिकीट नव्हतं काढलं, घेऊन जा."

सुनंदाचं गाव नामपूरच्या अलीकडे, मोसम नदीकाठी. नदीवर दगडी बंधारा आहे. त्याचा पाट गावच्या शेतांतून फिरत सुनंदाच्या शेताशी संपतो. त्या शेवटच्या शेताला शेपूट म्हणतात. हंगामाचं पहिलं पाणी सोडतात त्या दिवशी घरोघर मांडे (खापरावर भाजलेली मोठी पुरणपोळी) करतात. पण पाणी शेपटाला पोचल्याची हाळी ऐकल्याशिवाय गावात कुणी घास घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटलं. सुनंदानं रोप उपटून ओल्या गोणपाटाखाली ठेवलं होतं. दुपार झाली तरी तिचा पाट कोरडाच. उपटलेलं रोप फार टिकत नाही, आणि दुसरं रोप तिच्याकडे नव्हतं.

मला जेवून मधुमेहाची गोळी घ्यायची होती. सुनंदा म्हणाली, "मावशी, तू खा. पाहुण्याला माफ आहे." मी दोन मांडे खाल्ले. चांगले झाले होते.

मग दोधू पाटकरी (पाण्याची वाटणी बघणारा) धापा टाकत आला. "केदा आप्पानी पाटमा मोटर टाकेल शे." (केदा आप्पानं पाटात मोटर टाकली आहे.) केदाचं शेत बंधाऱ्याजवळ, पाटाच्या तोंडाशी. उपाशी माणसं तिकडे निघाली. सुनंदाबरोबर मीही गेले.

केदा मोटरीपाशीच उभा होता. "माझं शेततळं भरलं की बंद करतो," तो म्हणाला. "आणि तुम्हाला जेवायला कुणी अडवलंय? जेवा ना!"

"पहिल्यांदा शेपूट, मग तळं," दोधू म्हणाला.

"कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

लिहिलेलं कुठंच नव्हतं.

केदाची आई तिथंच शेतातल्या घराच्या उंबऱ्यावर बसली होती. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल. शेजारी फडक्याखाली मांड्यांची चवड तशीच झाकलेली. तिनं विचारलं, "केदा, पानी शेपूटले गये का?"

"जाईल गं. आई, तू जेव ना. तुला कोण बघतंय?"

"मी देखस ना," म्हातारी म्हणाली. (मी बघते ना.)

म्हातारीनं फडकं नीट केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. केदानं शिवी हासडली, कुणाला ते कळलं नाही, आणि मोटर बंद केली.

ऊन कलताना सुनंदाच्या वाफ्यात पाणी शिरलं. दोधूनं हाळी दिली. पुढच्यानं ती पुढे दिली, तशी ती गावात गेली. सुनंदा बांधावरच मांडा मोडून खायला लागली. मी नुसती बघत बसले. माझं पोट भरलेलं होतं.

"केदाची म्हातारी गेली की काय करणार?" मी विचारलं.

"रोप दे इकडं," सुनंदा म्हणाली.

लावणी उरकल्यावर मी परतीची गाडी धरली. नाशकात आमच्या मळ्यालाही पाट होता. आम्ही तोंडाशी होतो. शेपटाचं पाणी तुटलं तेव्हा आमची विहीर भरलेली होती, आम्ही दोन वेळा जेवत होतो. शेपटाच्यांनी मळा विकला. मग त्यांच्या वरच्यांनी, मग त्यांच्याही वरच्यांनी. आता आमच्या बांधापर्यंत इमारती आल्यात, पाट डांबराखाली गेलाय आणि उरलेली शेवंती आम्ही टँकरवर जगवतो.

घरी सुनेनं ताट वाढलं. मी तिला विचारलं, "आपल्या पाटाच्या शेपटाला कोण होतं गं?"

"मला काय माहीत? मी तेव्हा कुठं होते?"

मी होते. पण नाव काही केल्या आठवेना.