बाईंनी खोडलेला दोर

बाईंना दया छापील असली तरी चालत नसे. फाशांवर खेळायच्या गोष्टींची इंग्रजी पुस्तकं त्यांचा भाचा पुण्याहून पाठवायचा. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात आणि फासा पडेल ते भोगतात. बाई आधी लाल पेन घेऊन बसत. माणसाचा जीव वाचायची सोय दिसली की काट. "छापणाऱ्याले गिऱ्हाईक टिकवाचं असते, शिवरामभाऊ. मले नाही."

बाई शिकवायच्या त्या शाळेत मी चपराशी. चौथी पास, पण घंटा कधी मिनिटभर चुकवली नाही. मी निवृत्त झाल्यावर बाईंनी मला न् माझ्या बायकोला, कमलला, जुन्या शहरातल्या घरी रविवार दुपारचं खेळायला बोलावलं. पोस्टातले वानखडे तिसरे.

पुस्तकाचा बाई फक्त सांगाडा ठेवत. बर्फातला किल्ला चांदूर रेल्वेजवळची मातीची गढी झाला, राजाचा प्रधान आमच्या जुन्या हेडमास्तरासारखा खाकरू लागला. मी कोतवाल. तीन वर्षं तो जीव सांभाळला. शाळेत मला सगळे 'ए' म्हणत; इथे वानखडे दार उघडून म्हणत, "या कोतवालसाहेब!"

एकदा गढीच्या विहिरीत आम्ही दोघं लोंबकळलो. मी वर, कमलची वैदीण खाली, दोर तुटायला आलेला.

वानखडे कुरकुरले, "बाई, पुस्तकात इथं दुसरा दोर हाये. मी पाह्यला."

"पुस्तकात हाये. आपल्या विहिरीत नाही." मग माझ्याकडे वळून, "बोला कोतवाल. फासा टाकून दोघायचं नशीब पाहता, का खालचा दोर कापता?"

"कापतो," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा काढला. "चाळीस वर्षांचा संसार, अन् फासा हातात घ्यावासा नाही वाटला?"

कमल रडली नाही. चहा ठेवते म्हणून आत गेली.

"खेळच तर हाये," मी म्हणालो.

"मंग कमल आत काहून गेली?"

मी चिडलो. "तुमी खोडलं नसतं तर?"

"खोडलं मी. कापा असं नाही म्हटलं."

तरी अशी बाई पुन्हा होणे नाही, हे मी कोणाशीही भांडून सांगीन.

बाई वारल्या. पुस्तकं कमलला देऊन गेल्या. ती दहावी पास आहे, डिक्शनरी घेऊन बसते. आता गोष्ट तीच सांगते. वानखडे दोन नवे गडी घेऊन आले आहेत. माझा कोतवाल जिवंत आहे, त्याला खरचटलंही नाही. दर मोहिमेआधी कमल विचारते, "कोतवालाले सोबत कोण नेते?"

वानखडे बशीतल्या चहावर फुंकर घालत बसतात.