वरांड्यात सासरे बसलेले

वजन कमी करायच्या ऑपरेशनला आलेल्या बायांना मी आधी एकच गोष्ट बजावते: शुद्धीवर आलात की चालायचं. झोपून राहिलं की पायात रक्ताच्या गाठी होतात, आणि एखादी छातीत गेली तर बाई हातची जाते. चकलांब्याहून आलेल्या त्या सुनेनं सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि ऑपरेशन झाल्यावर पलंगच सोडीना.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"चक्कर येती?"

"न्हाई."

"मंग कावून उठत न्हाईस गं माय? जीव घेतीस का माझा!" मी आवाज चढवला. तो आमच्या दवाखान्यात पार गेटापर्यंत जातो.

ती पुटपुटली, "भाईर मामा बसलेत."

मामा म्हणजे तिचे सासरे. पोरं शाळेत जायला लागली, तरी ही त्यांच्यासमोर उघड्या डोक्यानं कधी गेली नव्हती, की दोघं एकमेकांशी थेट बोललेही नव्हते. आणि आमचा गाऊन! तिच्या अंगाला बसावा म्हणून आम्ही दोन जोडून शिवलेला, पण त्याला पदर कुठून आणायचा? डोक्यावर चादर टाकून पाहिली. एका हातात सलाईनचा स्टँड, दुसरा पोटावरच्या टाक्यांवर. चादर धरणार कोण, माझं कपाळ?

मी वरांड्यात गेले. म्हातारा सकाळपासून बाकड्यावर ठाण मांडून होता.

"मामा, जरा खाली जाऊन चहा घ्या की."

"न्हाई. पोरगं औषधं आणाया गेलंय. तिला एकटीला टाकून मी हलायचो न्हाई."

मग मी खरं काय ते सांगून टाकलं. ते उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "चालू द्या तिला," म्हणाले.

ती निघाली. सारखा टाक्यांवरचा हात सोडून डोक्याकडं न्यायची, पदर नाही हे आठवून खाली घ्यायची. मला लई माया आली तिची. सासऱ्यांच्या पाठीमागं आल्यावर मात्र थांबली. दम लागलेला, डोळे भरलेले. "बास, सिस्टर. माघारी न्या मला."

"सिस्टर, तिला म्हणावं..." मामा भिंतीलाच बोलले आणि अडखळले. घसा खाकरला. मग पहिल्यांदाच थेट तिला म्हणाले, "चाल गं माय. माझ्या मानापायी जिवाला मुकू नको."

तिनं माझा दंड घट्ट धरला.

"चालते, मामा," म्हणाली, आणि पाय उचलला.