आज काय ते बोर्डाला विचारा

संध्याकाळी त्या घरात जो कोणी येई, तो चपला काढता काढता थोरलीच्या शिलाई मशीनपाशी थांबे आणि विचारी, "आज काय?" नवरा विचारी, दीर विचारी, लेक तर पाठीवर दप्तर असतानाच विचारी. थोरली सुईवरची नजर न काढता सांगे, "बटाट्याची भाजी. आणि नाक मुरडायचं नाही." झालं, जेवण ठरलं. दिवसभर लोकांच्या कॉलरी नि पडद्यांच्या कडा शिवून तिची मान आखडलेली असायची, पण त्या एका प्रश्नाने ती अशी ताठ व्हायची की बघत राहावं. सासूबाई गेल्या तेव्हापासून हा मान तिचा होता.

आणि मग धाकटीने बोर्ड केला.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दिवसा एका दवाखान्यात काउंटरवर बसून पेशंटना नंबर द्यायची, संध्याकाळी घरी येऊन चूल सांभाळायची. बोलायला गोड, वागायला सुतासारखी सरळ. थोरलीला खटकायचं ते नेमकं हेच. भांडायला निमित्तच देत नाही म्हणजे काय! एका सुट्टीच्या दिवशी तिने मोडक्या कपाटाचं दार घेतलं, कापडावर हातानेच सात वारांचे सात खिसे शिवले आणि ते कापड टाचण्यांनी दारावर ताणून बसवलं. थोरलीच्या लेकीला हाताशी घेऊन पुठ्ठ्याची कार्डं रंगवली. भात, मासळी, अंडी, सूप, पालेभाजी. ज्याला जे खावंसं वाटेल, त्याने ते कार्ड त्या वाराच्या खिशात खोचायचं. बोर्ड स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लटकला. आणि कापड कुठलं? थोरलीच्याच चिंध्यांच्या पिशवीतलं! विचारून नेलं होतं, ते खरं. पण थोरलीला वाटलं, पुसायला हवं असेल.

त्या संध्याकाळी नवरा आला, मशीनवरून सरळ पुढे गेला आणि बोर्डासमोर उभा राहून म्हणाला, "वा, आज अंडी!" ज्या माणसाला इतक्या वर्षांत घरातली मिठाची बरणी सापडली नव्हती, त्याला बोर्ड बरा सापडला. मागून दीर आला, तोही तिकडेच. लेक आली, तीही तिकडेच. "काकी, उद्या मासळी लावू?" काकी! आई इथे मशीनवर बसलीय हाडामांसाची, आणि ही काकीला विचारतेय.

थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिला कोणी घराबाहेर काढलं नव्हतं, कोणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. फक्त विचारायचं थांबलं होतं. पण त्यावाचून ती त्या घरात कोण होती? कोपऱ्यातली शिवणवाली, बस्स. ती जळली, आणि आपण जळतोय हे कळून दुप्पट जळली. आल्यागेल्याला धाकटी बोर्ड दाखवी, लोक "किती छान!" म्हणत, आणि थोरली पायाने मशीन असं काही दामटी की पुढचं बोलणं कुणाला ऐकूच येऊ नये.

शेवटी एका दुपारी घरात कोणी नसताना तिने बोर्ड खाली उतरवला. बेत साधा होता. ब्लेडने दोन दोन टाके उसवायचे, म्हणजे खिसे लोंबतील, कार्डं गळतील आणि आठवड्याभरात बोर्ड माळ्यावर जाईल. कुणाचं नाव नाही, गाव नाही.

टाचण्या काढून तिने कापड मांडीवर घेतलं आणि सोमवारच्या खिशाला ब्लेड लावलं. लावलं ते लावलं, पण टाका पाहिला आणि तिचा जीव कासावीस झाला. एक टाका इकडे, एक तिकडे, दोरा सैल, कड दुमडलेली नाही! "अगं बाई, हे शिवणं म्हणायचं का गं?" ती एकटीच ओरडली. आता दुसरी कोणी असती तर चार टाके तोडून मोकळी झाली असती. पण शिवणकामात हयात गेलेल्या बाईच्या हातून कापड अर्धवट उसवलेलं सोडवतं होय? तिने सातही खिसे उसवले, कडा दुमडल्या, कार्डाचं माप घेतलं आणि मशीनवर टीप मारली. दोरासुद्धा रंगाला रंग जुळवून लावला. बोर्ड पुन्हा भिंतीवर टांगला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, आपण काय करायला बसलो होतो आणि काय करून बसलो.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "आता कसा सुबक दिसतोय! धाकटीच्या हाताला वळण आलं हो."

धाकटीने बोर्डाकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं आणि नुसती हसली. थोरलीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माझी टीप म्हणावं, तर उसवलं कशाला हे सांगावं लागणार!

पण दुसऱ्या दिवशी वेगळीच गंमत झाली. लेकीला गुरुवारचं कार्ड काही केल्या निघेना. तिने नखांनी ओढलं, चमच्याच्या दांड्याने उचकटलं, शेवटी वैतागून म्हणाली, "काकी, कसले घट्ट शिवलेस गं खिसे! चुकलाय तुझा बोर्ड."

"चुकलंच गं माझं," धाकटी म्हणाली.

"चुकलं कसलं?" थोरली मशीनवरून ताडकन उठली. "मापात आहेत खिसे! सूतभर इकडेतिकडे नाही! माझी टीप आहे ती, चुकेल कशी?"

आणि मग तिने जीभ चावली.

लेक खुदखुदत बाहेर पळाली. धाकटी चुलीपाशी गेली, थोरली तिच्या मागोमाग. आधी धाकटीच बोलली.

"कालच ओळखली होती मी टीप, ताई. बोलले नाही." तिने भांड्यात पळी फिरवली. "एक सांगू? रोज पळी माझ्या हातात असते. पण घरातला एकेक जण येतो आणि तुम्हाला विचारतो, आज काय. माझा नवरासुद्धा. मी लग्न करून आल्यापासून मला एकदाही कुणी विचारलं नाही. फार जळायचं हो आत. म्हणून केला बोर्ड. म्हटलं, मला नाही तर नाही, पण तुम्हालाही कोणी विचारू नये."

थोरलीला तोंडात मारल्यासारखं झालं. सुतासारखी सरळ म्हणे! ही तर आपल्यासारखीच निघाली. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिने मुकाट्याने बोर्डावरचं कापड सोडवलं आणि खिसे सैल करायला मशीनवर घेतलं.

तेवढ्यात दीर आला. भिंतीवर नुसतं दार लटकलेलं पाहून गोंधळला आणि सवयीने मशीनकडे वळला. "वहिनी, आज काय?"

थोरलीचे हात थांबले. किती दिवसांनी ऐकला तो प्रश्न! उत्तर समोरच होतं, आजच्या खिशातून काढलेलं सूपचं कार्ड मशीनवर पडलं होतं. जिभेवर शब्द आलाही. चुलीपाशी धाकटी पाठमोरी उभी होती, पण पळी फिरायची थांबली होती.

"मला काय विचारतोस?" थोरली कशीबशी म्हणाली. "पळी कुणाच्या हातात आहे? तिला विचार."

दिराने डोकं खाजवलं आणि आत पाहिलं. "काय गं, आज काय?"

"सूप," धाकटी म्हणाली. एवढंच. पण म्हणताना तिची मान ताठ झाली, आणि तशी मान थोरलीच्या चांगली ओळखीची होती. थोडं जळलं खरं. तिने कापड सुईखाली सरकवलं, पण गप्प काही बसवेना.

"मीठ बेताने घाल गं," ती म्हणाली.