नाहूरच्या घरातला चार वाजताचा दिवा

अण्णा पॅसेजमध्ये पडले, हे मला त्यांच्याकडून नाही, समोरच्या काकूंकडून कळलं. तेही चार दिवसांनी. वडिलांना फोन लावला तर म्हणाले, चपलांच्या रॅकला जरा पाय लागला, पडलो वगैरे काही नाही. शनिवारी नाहूरला गेले तेव्हा कोपरावरचा काळा-निळा डाग त्यांनी शर्टाच्या बाहीने झाकून घेतला होता. भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. तेव्हापासून ते सांगतील त्यावर माझा अर्धाच विश्वास राहिला.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी बोरिवलीला, नोकरी अंधेरीत. अण्णा नाहूरच्या घरात एकटे. सकाळी बुद्धवंदना, मग पेपर, दुपारी भांडुपहून कामाच्या मावशी येऊन स्वयंपाक करून जायच्या, आणि चार वाजले की अण्णा बागेतल्या कट्ट्यावर मित्रांमध्ये. असं ते सांगायचे. मावशींकडे घराची चावी होती, कारण अण्णांना बेल ऐकून उठायचा कंटाळा.

पॅसेजमध्ये खिडकी नाही, म्हणून तिथे आपोआप लागणारा दिवा हवा, असं मी ठरवलं. एका रविवारी वायफायवर चालणारे तीन बल्ब, हालचाल ओळखणारा एक सेन्सर आणि सगळ्यांना जोडणारी छोटी डबी घेऊन गेले. वाटलं, तासाभराचं काम. पण बल्ब काही केल्या सापडेनात. स्टुलावर चढून, उतरून, पाच वेळा चालू-बंद करून मी वैतागले. मग लक्षात आलं की माझा फोन राऊटरच्या नव्या, जलद नेटवर्कवर आहे आणि बल्बला जुनंच चालतं. ते बदललं आणि तिन्ही बल्ब लुकलुकून जोडले गेले. मग नियम लावले. पॅसेजमध्ये कुणी आलं की दिवा लागावा, दोन मिनिटं हालचाल नसली की विझावा. सूर्य मावळला की हॉलचा दिवा मंद लागावा. भिंतीवरची बटणं बंद केली तर बल्बला वीजच मिळत नाही, म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टी लावली आणि अण्णांना बजावलं की याला हात लावायचा नाही.

अण्णा खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. हे बल्ब आपलं बोलणं ऐकतात का, असं त्यांनी विचारलं. मी हसून नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, तुझ्या फोनवर काय काय दिसतं? फक्त चालू की बंद एवढंच, मी म्हटलं.

फोनवर त्याहून जास्त दिसायचं. कुठला दिवा कधी लागला, किती उजेडावर, कधी विझला, याची पूर्ण यादी. आठवडाभराने ऑफिसात बसल्या बसल्या सहज उघडली आणि एका ओळीवर अडकले. हॉलचा दिवा, दुपारी चार दहा, पूर्ण उजेड. साडेपाचला बंद. आदल्या दिवशीही तसंच. त्याच्या आदल्या दिवशीही.

चार वाजता तर अण्णा बागेत असतात. आणि दुपारी चारला हॉलमध्ये चांगला उजेड असतो, मग दिवा कुणाला आणि कशाला लागतो?

त्या रात्रीच्या फोनवर मी आडून विचारलं, आज बागेत कोण कोण होतं? त्यांनी नेहमीच्या तिघांची खबर पुरवली, एकाच्या सुनेच्या बदलीचंही सांगितलं. इतकं तपशिलात बोलणारा माणूस खोटं कसं बोलेल? म्हणजे घरात दुसरं कुणीतरी होतं. चावी मावशींकडे. काम दोनला संपतं, तरी त्या थांबत असणार. किंवा जाऊन परत येत असणार, आणि कदाचित एकट्या नाही. आईचं कपाट आठवलं. त्याची किल्ली टीव्हीच्या मागे असते, हे मावशींना माहीत होतं.

मावशी तीन वर्षं घरी येत होत्या. आईच्या शेवटच्या महिन्यात त्यांनीच तिला अंघोळ घातली होती. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी तो विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी मी ऑफिसातून हॉलचा दिवा बंद केला. बघू काय होतं ते. मिनिटभर काही नाही. मग बल्ब ऑफलाइन दिसला आणि लगेच पुन्हा चालू, पूर्ण उजेडावर. म्हणजे कुणीतरी चिकटपट्टी सोडवून भिंतीवरचं बटण खाली-वर केलं होतं. ही युक्ती अण्णांना सुचणार नाही, अशी माझी खात्री. मी परत बंद केला. परत लागला. तिसऱ्यांदा बंद केला तेव्हा बराच वेळ तसाच राहिला, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. हा खेळ मी तीन आठवडे खेळले. रोज नाही, पण मीटिंग नसेल त्या दिवशी नक्की.

शेवटी एका बुधवारी अर्धी रजा टाकून नाहूरला गेले. कुणाला कळवलं नाही. माझ्याकडच्या चावीने हळूच दार उघडलं. आतून बाईचा आवाज येत होता आणि मधे एक पुरुषी खोकला. पॅसेजचा दिवा माझ्या डोक्यावर आपोआप लागला. मी हॉलमध्ये शिरायच्या आधीच, चांगल्या मोठ्या आवाजात बोलले.

"मावशी, कुणाला आणून बसवलंय घरात?"

आवाज थांबला. मी पुढे झाले. अण्णा दिव्याखालच्या खुर्चीत बसले होते. समोर स्टुलावर मावशी, मांडीवर पेपर, बोट अजून ओळीवर. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या, बोट ठेवूनच वाचतात. अण्णांच्या हातात आईचं भिंग होतं.

मावशींनी पेपराची नीट घडी केली, पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, "ताई, दिवा तुम्हीच बंद करत होता ना?"

मी मान हलवली असेल. त्या चावी टेबलावर ठेवून गेल्या.

अण्णा मग सावकाश सांगत गेले. डाव्या डोळ्याने बाजूचं दिसेनासं झालं होतं, म्हणून रॅक दिसला नाही. उजव्यासमोर धुकं, पूर्ण उजेडात भिंगातून पेपरातले फोटो तेवढे कळायचे. बागेत एकदा अनोळखी माणसाला मित्र समजून त्यांनी जय भीम घातला, खांद्यावर हातही ठेवला. माणूस चमकून बाजूला झाला. त्यानंतर ते कट्ट्यावर गेले नाहीत. ते मला सांगायचे त्या बातम्या मित्र त्यांना फोनवर कळवायचे. त्यांचे वडील गावी आंधळे होऊन वारले होते, लहानपणी अण्णाच त्यांचा हात धरून नदीवर न्यायचे. ते दिवस त्यांना परत नको होते, आता आपला हात दुसऱ्याने धरायचा, या बाजूने तर नकोच. मावशींना त्यांनी शपथ घातली होती, ताईला सांगायचं नाही.

"दिवा जायचा तेव्हा मला कळायचं तू आहेस," अण्णा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर डोळ्यांचंही सांगावं लागलं असतं."

चार दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजव्यात मोतीबिंदू, तो काढता येणार होता. डाव्यात काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी आला असतात तर बरं झालं असतं, हेही म्हणाले. मी अण्णांकडे बघितलं नाही. ज्या तीन आठवड्यांत मी हॉलचा दिवा विझवत होते, त्यात एकदाही त्यांना विचारलं नव्हतं की तुमची तब्येत कशी आहे.

मावशी आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी भांडुपला त्यांच्या घरी गेले. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं. मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही, मला अजून माहीत नाही. अण्णांसाठी येईन, म्हणाल्या, पण चावी घेणार नाही, आणि तुमच्या मोबाइलमध्ये ते दिव्याचं जे आहे ते माझ्यासमोर काढा. मी तिथेच बसून काढलं. त्यांनी स्क्रीनवर वाकून खात्री करून घेतली. नियम त्या डबीत आहेत, दिवे आपले आपण चालतात, पण कधी लागले, कधी विझले, हे आता मला दिसत नाही. पहिले काही दिवस चार वाजले की हात फोनकडे जायचा.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. अण्णा काठी घेऊन परत बागेत जातात, सकाळचे. मित्रांना त्यांनी सगळं सांगितलं आणि आता प्रत्येक जण जवळ आला की आधी आपलं नाव घेतो. मोठे मथळे अण्णांना स्वतः वाचता येतात. तरी चार वाजता मावशी बेल वाजवतात, अण्णा भिंत चाचपत जाऊन दार उघडतात आणि वाचन सुरू होतं.

शनिवारी मी असते तेव्हा मावशी माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी हॉलमध्ये आले की वाचायच्या थांबतात, बोट ओळीवर ठेवून. मी स्वयंपाकघरात जाऊन तिघांचा चहा टाकते. मग हळूहळू, आधी खालच्या आवाजात, त्या पुढचं वाक्य वाचायला लागतात.