गुळाचं दव

“आवो पावणं, झाडाला काय पाजलासा? मुंग्या बघा की!” बागेतले माळीमामा असे ओरडले की तिकडं आमच्या शिवाजी पेठेत चालू मॅच थांबली असेल.

मी आंब्याच्या खोडाशी गुडघे टेकून, डोळा कॅमेऱ्याला लावून बसलो होतो. समोर सीतेची वेणी फुलली होती. हे आपल्या शाहूवाडीच्या जंगलातलं ऑर्किड. झाडाच्या सालीला धरून राहतं आणि गुलाबी ठिपक्यांचा गजरा खाली सोडतं. याच वनस्पती उद्यानात फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं, फोटो द्यायचा तो शेवटचा दिवस, आणि फुलांच्या दालनात अगदी दारातच आपला फोटो लागणार असं मी सगळ्या पेठेला सांगून बसलो होतो. नाही लागला तर पेठेनं मला चहासुद्धा सुखानं पिऊ दिला नसता.

फुलावर दवाचे थेंब हवेत. नुसतं पाणी मारलं तर घसरून जातं. जाणकार त्यात ग्लिसरीन घालतात म्हणे. पण घरात गुळाची ढेप असताना औषधाच्या दुकानात जाईल तो कोल्हापूरकर कसला? चांगला दाट पाक केला आणि फवाऱ्याच्या बाटलीत भरून नेला. थेंब काय बसले! एकेका थेंबात अख्खी बाग दिसत होती. पन्हाळाही दिसला असता, पण ढग आडवे आले.

मग मुंग्या आल्या. पहिली तुकडी बागेतलीच होती. मागची मात्र पेठ वडगावहून चालत आली असणार, कारण दमलेली दिसत होती.

“गूळ हाय मामा, जरासा.”

“जरासा? गुऱ्हाळ घातलासा की झाडावर! सरका!”

मामा पाईप घेऊन धावले. पाणी पडायच्या आत मला एकदाच बटण दाबता आलं. मग वेणी धुऊन निघाली, आणि मीही.

तोच फोटो स्टुडिओतून छापून घेतला आणि संध्याकाळी प्रदर्शनाच्या मॅडमसमोर ठेवला. मुंग्यांमुळं फुलाला कशी जान आलीय, जंगलात फूल कधी एकटं असतंय का, असं बरंच बोललो. इतकं बोललो की शेवटी मलाच पटलं. मॅडमनी फोटो जवळ धरला, मग लांब धरला.

“कीटकांच्या दालनात लावते,” त्या म्हणाल्या. “मागं, पाण्याच्या टाकीजवळ जागा आहे.”