पाठमोरा गणपती

खरं सांगू? गेल्या वर्षभरात मी देवाकडे ना पगारवाढ मागितली, ना मुलीसाठी चांगलं स्थळ. माझं मागणं एकच होतं. बाबा रे, दुपारी मला जागं ठेव. मी काँक्रीटच्या मिक्सरवर ड्रायव्हर आहे, पाठीवर मोठा ड्रम गरागरा फिरत असतो ना, ती गाडी. कांजूरमार्गच्या बाजूला आमचा प्लँट. तिथे माल भरायचा, जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता धरायचा, मरोळला एका टोलेजंग इमारतीच्या साइटवर ओतायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत. तोच सिग्नल, तोच खड्डा, त्याच पुलाची तीच सावली. ट्रक चालवणं म्हणजे घाट, वळणं, ढाबे असं लोकांना वाटतं. कसलं काय! आमचं आपलं घाण्याला जुंपल्यासारखं, गोल गोल.

या कंटाळ्याचं मला भय वाटायला लागलं, कारण त्यात नुसती झोप नव्हती. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, पाय बरोबर ब्रेकवर, आणि मी मात्र कुठेच नाही. पवईचा तलाव मागे कधी पडला ते कळायचंच नाही. मग एकदम छातीत धस्स व्हायचं की मधला एवढा रस्ता गाडी चालवली कुणी? एखाद्या दिवशी माझ्या हातून कुणाचा तरी जीव जाणार, ही भीती मनात घर करून बसली. उपाय सगळे झाले. हिरवी मिरची चावली, तोंडावर पाणी मारलं, रेडिओ मोठ्याने लावला, कटिंगवर कटिंग ढोसली. पित्त तेवढं वाढलं. प्लँटवर बोलायची सोय नव्हती, गाडी काढून घेतली तर खाणार काय? शेवटी बायकोला सांगितलं. ती बिचारी घाबरली, पण लगेच म्हणाली, "अहो, मग नाम घ्या ना. समोर गणपती बसवलाय तो काय शोभेला? तोंडाने त्याचं नाव चालू असलं की डोळा कसा लागेल?"

पटलं मला. आमच्या डॅशबोर्डावर छोटा शेंदरी गणपती आहे, तोंड माझ्याकडे, पाठ काचेकडे. रोज सकाळी त्याला एक जास्वंद असते. त्याच्याकडे बघत मी नामस्मरण सुरू केलं. पहिले काही दिवस झकास गेले. पण नंतर काय झालं, पाठीमागे ड्रमची घरघर आणि तोंडात नाम, दोघांची लय एक झाली. लहानपणी आई थोपटून झोपवायची, अगदी तसं व्हायला लागलं. ज्या नावाने जागं राहायचं, तेच नाव मला अंगाई झालं! एकदा साकीविहारच्या सिग्नलला मागच्या रिक्षावाल्याने शिव्या घातल्या तेव्हा कळलं की हिरवा लागून गेलाय. त्या दिवशी मी गणपतीवर खरोखर चिडलो. म्हटलं, देवा, थट्टा करतोस काय माझी? का तूच झोपलायस?

त्यात शिमगा आला. आमचं गाव संगमेश्वरकडचं. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते आणि मला कळायला लागल्यापासून मी तिला खांदा दिलाय. या वेळी साइटवर स्लॅबची घाई, रजा मिळाली नाही. सकाळी चुलतभावाने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. ढोल वाजतायत, पालखी आमच्या अंगणात नाचतेय आणि माझ्या जागेवर दुसराच कुणीतरी. प्लँटवर माल भरून होईपर्यंत तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला आणि केबिनमध्ये एकटाच रडलो. माझी आई देवीची वाट बघत उंबऱ्यात उभी असलेली दिसली हो, ते बघून राहवलं नाही.

आता एका म्हाताऱ्याबद्दल सांगायला हवं. मरोळला साइटच्या थोडं अलीकडे एक जुनी चाळ आहे. तिच्या गेटाशी निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर एक आजोबा बसलेले असायचे. पांढरी बनियन, लुंगी, मांडीवर टॉवेल. समोर स्पीडब्रेकर, त्यामुळे गाडी तिथे हळू होते. मी गेलो की आजोबा दोन्ही हात जोडून नमस्कार करायचे. प्रत्येक फेरीला! सुरुवातीला वाटलं, म्हातारा सटकलाय. मग मीही मान हलवायला लागलो. पुढे पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की आपण मान हलवतो हेसुद्धा लक्षात राहिलं नाही.

तो व्हिडिओ आला त्याच दिवशी दुपारी भरलेली गाडी घेऊन मी निघालो. ऊन मी म्हणत होतं. रडून डोळे जड झालेले, तोंडात नाम, पाठीमागे घरघर. पवईनंतरचं मला काही आठवत नाही, देवाशपथ. स्पीडब्रेकरवर गाडी हलली, सवयीने मान डावीकडे वळली, आणि खुर्ची नव्हती. आजोबाही नव्हते. अरे, म्हातारा कुठाय? एवढाच विचार मनात आला, पण त्याने मी खडबडून जागा झालो. कुणी चिमटा काढावा तसा. बरे असतील ना? काही झालं तर नाही? मी गेटात बघितलं, गेटाच्या पुढे बघितलं, उभ्या केलेल्या टेम्पोच्या आडोशाला बघितलं. आणि त्या टेम्पोमागून शाळेच्या गणवेशातली एक चिमुरडी आईचा हात सोडून थेट रस्त्यावर धावत आली.

ब्रेकवर मी अक्षरशः उभा राहिलो. मागे एवढं ओझं, गाडी लगेच कुठली थांबायला! पण थांबली. पोरीच्या दोन वेण्या आणि लाल रिबिनी मला काचेतून खाली दिसत होत्या, इतकी ती जवळ होती. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या आईने तिला उचलून छातीशी धरलं आणि तिथेच मटकन बसली. मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो आणि चाकाला टेकून उभा राहिलो. चाळीतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "बसा भाऊ, आधी बसा. काही झालं नाही ना? मग झालं तर," म्हणाल्या आणि मला आपल्या खोलीच्या दारात घेऊन गेल्या.

आत भिंतीशी ती निळी खुर्ची, आणि पलंगावर आजोबा, बाहेरच्या गडबडीने नुकतेच जागे झालेले. बाई त्यांची सून. आजोबा मालवणकडचे, मुंबईत हयात काढली तरी बोली सुटलेली नाही. सून म्हणाली, "ऊन फार होतं म्हणून आज यांना आत आणलं, तर इथे घोरायलाच लागले." मी आजोबांचे पाय धरले. म्हटलं, "आजोबा, तुम्ही जागेवर नव्हता म्हणून मी शोधायला लागलो. नाहीतर आज माझ्या हातून ती पोर गेली असती." आजोबांना नीटसं समजलं नसावं. हसले नुसते. मग मी विचारलं, "पण तुम्ही मला रोज नमस्कार का करता?"

"तुका?" आजोबा म्हणाले. "तुका नाय रे झिला! तुझ्या गणपतीक हात जोडतंय मी. माझे पाय गेले, देवळात जाऊक जमणा नाय. मगे देवच येतत माझ्या दारावरसून. रिक्षेत साईबाबा, टेम्पोत अंबाबाई. तुझो गणपती तर दिवसभर येता. पाठच दिसता त्याची. पण पाठ झाली तरी देवाचीच मा?"

ज्या फेऱ्यांना मी कंटाळून शिव्या घालत होतो, त्या फेऱ्यांची कुणीतरी खुर्ची टाकून वाट बघत होतं. गावाला पालखी त्याच त्या घरी, त्याच त्या वाटेने दरवर्षी जाते. तिचा कधी कुणाला कंटाळा आलाय? म्हटलं, वेड्या, गावची पालखी चुकली म्हणून रडतोस, आणि इथे तुझ्या खांद्यावर कोण बसलंय ते बघ तरी. पण ड्रममधला माल थांबत नाही, घट्ट होतो. डोळे पुसले आणि निघालो.

यात चमत्कार होता का, त्यावरून मी कुणाशी भांडत नाही. उन्हामुळे सुनेने खुर्ची आत नेली, म्हाताऱ्याचा डोळा लागला, एवढंच घडलं. तो झोपला म्हणून मी जागा झालो. मला मात्र माझ्या रागावण्याचं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी प्लँटच्या इनचार्जला सगळं खरं सांगितलं. गाडी जाईल तर जाईल, म्हटलं, गणपती बघून घेईल. गाडी गेली नाही. जेवणानंतर थोडं आडवं व्हायला सवलत मिळाली, कारण शेवटी झोप जाते ती झोपूनच. नाम अजून घेतो, पण समोर जे येईल त्याच्याकडे बघत घेतो. सायकलवाला, भाजीवाली, शाळेतलं पोर.

आणि एक केलं. डॅशबोर्डावरचा गणपती उचलून उलटा फिरवला, तोंड काचेकडे, रस्त्याकडे. पहिल्या फेरीला स्पीडब्रेकरवर गाडी अगदी हळू घेतली. आजोबांनी हात जोडले, आणि मग खुर्चीचे हात धरून अर्धे उठलेच. "तोंड दिसला रे! तोंड दिसला!" लहान मुलासारखे ओरडत होते. सून दारात उभी राहून डोळ्यांना पदर लावत होती.

बायकोला हे काही पटलं नाही. म्हणाली, "अहो, पण आता तुम्हाला देवाची पाठच दिसणार ना!" दिसते की. रोज दिवसभर दिसते, जास्वंदीच्या देठासकट. तिला म्हटलं, पालखीच्या पुढच्या दांड्याला खांदा लावला की देवाचं तोंड दिसत नाही गं. दिसते ती फक्त वाट, आणि तीच नीट बघायची असते.