तक्त्यातून उडवलेली ओळ

प्रिय नेहा आणि ईशान,

गेल्या महिन्यात, नेहा, तू फोनवर मला एक प्रश्न विचारलास आणि मी विषय बदलला. तू तुमच्या क्लबसाठी बर्फावरच्या स्केटिंगमधल्या विक्रमी गुणांचे तक्ते लावतेस. कुणी, कधी, किती गुण मिळवून आधीचा विक्रम मोडला, ते एकाखाली एक. तुझी अडचण अशी होती की, एकीनं विक्रम केला आणि दहा मिनिटांत दुसरीनं तो मोडला, तर पहिलीला वेगळी ओळ द्यायची का? तक्ता फार लांबतो, म्हणालीस. तर उत्तर आधी देते. द्यायची. त्या दिवशी ते मला देता आलं नाही, कारण सकाळीच शेवगावहून फोन आला होता. "बाई, मी मंदाची मुलगी बोलतेय. आई गेली... तुम्हाला कळवायचं म्हणून तिनं सांगून ठेवलं होतं." ही मंदा कोण, हे मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. आता तुम्हा दोघांना सांगते, कारण नंतर सांगू म्हणण्याची सवय मला एकदा फार महाग पडली आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नगरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्या वर्षी जिल्ह्याचे शालेय सामने आमच्या मैदानावर झाले आणि लांबून आलेल्या मुली वर्गांमध्ये सतरंज्या टाकून राहिल्या. त्यांच्या जेवणाचं माझ्याकडे होतं. मंदा शेवगावकडच्या शेतकरी घरातली, सोळाएक वर्षांची, काटक. लांब उडीसाठी आली होती आणि पायात काही नव्हतं. मी विचारलं, "अगं, सराव कुठं करतेस?" तर म्हणाली, "नांगरटीत, बाई. आमच्याकडं वाळू न्हाई. ढेकळावर पडलं की लई लागतं, म्हनून ढेकळाच्या पल्याड जायचं!" पंगतीतल्या सगळ्या मुली हसल्या. जेवता जेवता तिनंच सांगितलं की, वडील पुढं शिकू द्यायला तयार नाहीत. "आबा म्हनत्यात, जिल्ह्यात पयली आलीस असं छापून आन, मग पुन्याला खेळाच्या मास्तरनीचं शिकाय धाडतो."

दुसऱ्या दिवशी तिनं चार मीटर बासष्ट सेंटिमीटर उडी मारली. जिल्ह्यात तोवर कुठल्याच मुलीनं एवढी मारली नव्हती. टेप मीच धरली होती. अर्ध्या तासानं शेवटच्या फेरीत आमच्याच शाळेच्या मुलीनं चार मीटर सत्तर मारली आणि मंदा दुसरी आली. ती रडली नाही. मला एवढंच विचारलं, "बाई, माजी उडीबी पुस्तकात येईल न्हवं?" सामन्यांची स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात वर्षावार विक्रमांचा तक्ता मी करणार होते. मी म्हणाले, "येईल ना. विक्रम तो विक्रम." तेवढ्या भरवशावर ती गावी गेली आणि आपला विक्रम छापून येणार, असं आबांना सांगून बसली.

तक्ता मी मनापासून केला. वर्ष, नाव, शाळा, अंतर, असे चार रकाने, पट्टीनं आखलेले. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारे गृहस्थ म्हणाले, "बाई, एक ओळ पुढच्या पानावर जातेय. शिसं काही रबरासारखं आवळता येत नाही. कुठली तरी उडवा." मी कागदावरून नजर फिरवली. एकच वर्ष दोनदा आलं होतं, तेवढंच डोळ्यांना खटकत होतं. मी मंदाच्या ओळीवर काट मारली. एका वर्षाला एक ओळ, तक्ता एका पानात. छापून आला तेव्हा फार सुबक दिसला आणि मुख्याध्यापिकाबाईंनी शाबासकी दिली. शिल्लक राहिलेली मुलगी माझ्या शाळेची होती, हे काट मारताना माझ्या मनात होतं की नव्हतं... इतकी वर्षं विचार करूनही मला ते ठरवता आलेलं नाही.

महिनाभरानं मंदा एकटी एसटीनं नगरला आली. स्मरणिका तिच्या हातात होती, त्याच पानावर दुमडलेली. शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाई, मी उडी मारली हुती ना?" मी तिला एका वर्षाला एक ओळ, हा नियम समजावून सांगितला. समजावून सांगितला, हे लिहितानाही लाज वाटते. ती म्हणाली, "आबा म्हनत्यात मी खोटं बोलले. शिकायचं ऱ्हाऊ द्या बाई, पन खोटं म्हनत्यात. तुमी दोन वळी लिवून द्या." मी म्हणाले, "देते. शाळेच्या कागदावर, शिक्का मारून, पोस्टानं पाठवते." तिथल्या तिथं लिहायला पाच मिनिटं लागली असती. पण ती ओळ मीच काढली, असं त्यात लिहावं लागलं असतं. आधी परीक्षा आल्या, मग सुट्टी. पत्र गेलं तोवर तिचं लग्न झालं होतं आणि लागून दुष्काळाचं वर्ष आलं. मंदा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती, असं पुढं कानावर आलं.

दोन वर्षांपूर्वी मी तिला शोधून काढलं. दोघींचेही केस पांढरे झाले होते. मी माफी मागायला लागले तशी ती म्हणाली, "बाई, तुमी अजून त्येच धरून बसला व्हय? च्या घ्या, गार व्हतोय." चहा झाल्यावर म्हणाली, "तुमचं पत्र आबांनी वाचून घेतलं. म्हनले, मास्तरनीला गळ घातली असंल पोरीनं." माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मी पुन्हा विचारलंही नाही.

परवा मी शेवगावला जाऊन आले. मंदाचं माहेरचं घर पुढं मंदाकडेच आलं होतं, आता तिथं तिची मुलगी राहते. तिनं मला अंगणात नेलं आणि जमिनीत रोवलेले दोन दगड दाखवले. माझ्याकडून रिकाम्या हातानं परतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मंदानं गावच्या शाळेतून टेप मागून आणली होती आणि मोजून ते दगड रोवले होते. आबांना बाजेवर बसवून तिनं त्यांच्यासमोर उडी मारली. नऊवारी नेसून, तुडवून टणक झालेल्या जमिनीवर. वीतभर कमी पडली. आबा उठून आत गेले. "आईनं पुन्हा कधी उडी मारली नाही," मुलगी म्हणाली. "पण अंगण सारवताना ते दगड कुणाला हलवू द्यायची नाही."

मी घरातली टेप मागितली. मुलीनं एक टोक धरलं, मी दुसरं. खाली वाकायला मला वेळ लागला. दगड दोन्ही जागेवर आहेत. त्यांच्यामधलं अंतर चार मीटर बासष्ट सेंटिमीटर आहे.

तुमची,
आजी